सांबरा ते सॅन फ्रान्सिस्को : १३,८०० किलोमीटरचा हिशेब

निघण्यापूर्वी

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी सत्तावीस वर्षे गणित आणि भूगोल शिकवले. त्या काळात सातवीच्या वर्गाला दरवर्षी एक प्रयोग ठरलेला असे. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरायचा, मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून तो किती अंशांचा भरतो ते पाहायचे आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर या प्रमाणाने अंतर काढायचे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर आणि दोऱ्याने काढलेले अंतर कधीच जुळत नसे. सपाट कागदावर जी रेघ सरळ दिसते तिच्यावरून दोरा सरकतो आणि उत्तरेकडे चढतो, हे स्वतःच्या बोटांना जाणवल्याशिवाय मुलांना पटत नसे. इतकी वर्षे मी तो दोरा दुसऱ्यांच्या गावांवर ताणला, पण माझ्या स्वतःच्या प्रवासासाठी तो ताणण्याची वेळ सेवानिवृत्तीनंतर आली.

बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोला मधे कोठेही न थांबणारे विमान जात होते, त्या वेळची ही हकिकत आहे. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, तिकडे नोकरीला असते. तिचे बाळंतपण नोव्हेंबरअखेरीस यायचे होते. दादाला लांबचा प्रवास झेपत नाही आणि वहिनींनी बेळगाव-कोल्हापूरपलीकडे एकटीने कधी प्रवास केलेला नाही, म्हणून सोबतीला मी जावे असे ठरले. तिकिटे हाती आल्यावर दादाने एकच प्रश्न विचारला, "किती लांब आहे गं, आणि किती वेळ लागतो?" हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांवरून काढता येत नाहीत, हे मला कागदावर ठाऊक होते, प्रवासात त्याचा अनुभव आला.

मी वही काढली. बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८६ उत्तर अक्षांशावर आणि ७४.६२ पूर्व रेखांशावर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ उत्तर अक्षांशावर आणि १२२.३८ पश्चिम रेखांशावर. दोन्ही रेखांशांची बेरीज १९७ अंश होते, म्हणजे दुसऱ्या बाजूने १६३ अंश. हा फरक बरोबर १८० असता, तर दोन्ही ठिकाणे ध्रुवांवरून जाणाऱ्या एकाच महावृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, समोरासमोरच्या बाजूंवर आली असती आणि सर्वांत जवळची वाट नेमकी उत्तर ध्रुवावरून गेली असती. आमच्या बाबतीत सतराच अंश कमी पडतात, त्यामुळे गोलावर ताणलेला दोरा ध्रुवाच्या बाजूने, सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळून जातो. गोलीय त्रिकोणाच्या सूत्राने पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन १२४.२ अंश आला आणि त्यावरून अंतर सुमारे १३,८०० किलोमीटर निघाले.

मात्र सांबऱ्याहून तिकडे विमान जात नाही. आधी आग्नेयेला ४४५ किलोमीटरवरच्या बंगळूरला जायचे, आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १४,००० किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडच्या प्रवासासाठी पहिली वाटचाल दक्षिणेकडे होते आणि एकूण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वाढते. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. कोणत्याही मोठ्या कामासाठी आधी बंगळूरची नाही तर मुंबईची वाट धरावी लागते आणि तेवढे अंतर आपल्या हिशेबात मुकाट्याने धरावे लागते.

दादाने माझे आकडे ऐकून घेतले आणि कपाटातले जुने किल्लीचे मनगटी घड्याळ बाहेर काढले. कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतो, पण बारा तासांच्या तबकडीला त्यातला दीड तासच दिसतो. दादाने काटे दीड तास मागे घेतले आणि ते घड्याळ देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवले.

बुधवार

दुपारी बारा वाजता खानापुरातून निघालो. बेळगावपर्यंतचे २६ किलोमीटर तसे लवकर सरले, परंतु शहरातून पलीकडे पडायला त्याच्या दुप्पट वेळ लागला. सांबऱ्याचा रस्ता बसवण कुडची, निलजी, मुतगे अशा गावांतून जातो. सुगीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली किंवा चाललेली, कोठे मळणी, कोठे गवताच्या गंज्या, आणि मोकळ्या झालेल्या वाफ्यांत मसूर-वाटाण्याच्या पेरणीची तयारी. या शिवारांतल्या बेळगावी बासमतीचा वास मला परदेशात आठवेल असे वाटत होते आणि तो आठवलाही. पण त्या दिवशी माझे सारे लक्ष घड्याळाकडे होते. खानापूर ते विमानतळ या सुमारे ३८ किलोमीटरांना आम्हाला दीड तास लागला. पुढच्या दीड तासात आम्ही याच्या अकरा-बारापट अंतर जाणार होतो.

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधली. शेजारी आजही हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि आमच्या लहानपणी सांबरा म्हटले की तेच डोळ्यांपुढे येई. नवी प्रवासी इमारत २०१७ मध्ये उघडली, धावपट्टीही वाढवण्यात आली. वहिनी तेथे पहिल्यांदाच आल्या होत्या. उद्घोषणा आधी कन्नडमध्ये आणि मग हिंदी-इंग्रजीत होत होत्या. चंदगडच्या माहेरवाशीण असूनही लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत वहिनींना कन्नड चांगले समजू लागले आहे, त्यामुळे आमचा क्रमांक मला कळण्याआधी त्यांनीच उठून पिशवी उचलली.

विमान पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे होते. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन वेळा छापलेल्या असतात, त्यांच्यातले अंतर म्हणजे हवेतला वेळ असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावरच्या जागी जाऊन थांबते तोपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर पुन्हा इमारतीपर्यंत येणे, हे सगळे त्यात धरलेले असते. लहान पल्ल्याच्या प्रवासात या जमिनीवरच्या मिनिटांचा वाटा मोठा असतो आणि लांबच्या प्रवासात तो नगण्य होतो. आम्ही हवेत तासाहून दहाच मिनिटे अधिक होतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने हाच प्रवास रात्रभराचा होतो, आणि वहिनींना त्या रात्रीच्या गाडीची आठवण येत राहिली, कारण तिच्यात उशाला पिशवी घेऊन आडवे होता येते.

ती रात्र आम्ही यलहंक्याला नात्यातल्या एका घरी काढली. बंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ तेथून जवळ आहे.

गुरुवार

गुरुवारी संकष्टी होती. वहिनी गेली तीस-बत्तीस वर्षे संकष्टी मोडत नाहीत, त्यामुळे सकाळपासून त्यांनी फक्त चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी घेतली. पंचांगात चंद्रोदय रात्री पावणेनऊच्या सुमाराचा होता. "विमानात चंद्र दिसतो का हो, वन्सं?" असे त्यांनी मला सकाळी विचारले, आणि या प्रश्नाने माझ्या आकडेमोडीला एक नवेच प्रकरण जोडले.

दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी विमानाची दारे बंद झाली आणि २ वाजून ५५ मिनिटांनी चाकांनी जमीन सोडली. मी माझे मनगटी घड्याळ मुद्दाम भारतीय वेळेवरच ठेवले होते, कारण एका प्रवासात निदान एक तरी घड्याळ न बदलणारे असले पाहिजे. नाहीतर किती तास गेले याचा माग लागत नाही. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर एक छोटे विमान आणि त्याच्यापुढे वक्र रेघ. ती रेघ पाहून मी चकित झाले. माझ्या दोऱ्याप्रमाणे विमान हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलिया, सायबेरिया असे जायला हवे होते. ते मात्र पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघाले होते.

तिबेटचे कारण मला ठाऊक होते. ते पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातल्या हवेचा दाब काही बिघाडाने एकाएकी उतरला, तर वैमानिकाला विमान साधारण तीन हजार मीटरपर्यंत तातडीने खाली आणावे लागते, जेथे माणसाला वरून प्राणवायू न देताही श्वास घेता येतो. तिबेटवर तेवढे खाली यायला जागाच नाही, कारण जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून लांब पल्ल्याची विमाने शक्यतो त्या पठाराला वळसा घालतात. पण वळसा एवढा मोठा का, हे मला त्या क्षणी उमगले नव्हते. ते पुढे कळणार होते.

घड्याळात पावणेपाच वाजता, ब्रह्मदेशाच्या आसपास, सूर्य मावळला. खानापुरात तेव्हा लख्ख ऊन असेल. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, आणि आम्ही पूर्वेला तासाला आठ-नऊ अंश पुढे जात होतो, म्हणून सूर्य आमच्यासाठी तासाला २३-२४ अंश या वेगाने ढळत होता. हाच हिशेब चंद्राला लावून मी वहिनींना सांगितले की तुमचा चंद्र आज पावणेनऊपर्यंत थांबणार नाही. आपल्या घड्याळातल्या साडेसहाच्या सुमारास तो उगवलेला असेल. त्यांनी खिडकीला कपाळ लावले. चंद्र दिसेना. तो उगवला होता याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण कृष्ण चतुर्थीचा चंद्र पूर्व-ईशान्येला उगवतो आणि आम्ही नेमके त्याच दिशेला चाललो होतो, म्हणजे तो विमानाच्या नाकासमोर होता आणि आमच्या उजव्या खिडकीतून दिसणे शक्य नव्हते. आठ वाजत आले तेव्हा विमान जरा डावीकडे वळले, आणि पंखाच्या पुढच्या बाजूला पिवळसर चंद्र आला. वहिनींनी आसनावर बसल्या बसल्या हात जोडले, डब्यातला मोदक पुढे धरून नैवेद्य दाखवला, आणि उपास सोडला. बेळगावात चंद्रोदयाला अजून पाऊण तास होता.

जपान जवळ येताच पडद्यावरचा वेगाचा आकडा चढू लागला. आधी तो ९०० च्या आसपास होता; आता १,०००, मग १,०६०, मग १,१२०. विमानाचे यंत्र काही अधिक जोर लावत नव्हते. आसपासच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग तेवढाच, तासाला ९०० किलोमीटर होता. ती हवाच दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने पूर्वेला धावत होती आणि आम्हाला आपल्याबरोबर नेत होती. यालाच जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात सायबेरियावरची थंडगार हवा आणि दक्षिणेच्या समुद्रावरची उबदार हवा यांच्या तापमानात फार मोठा फरक पडतो, तापमानाच्या फरकातून उंचावर दाबाचा फरक तयार होतो, आणि त्या फरकाने उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या भ्रमणामुळे पूर्वेला वळून एका अरुंद नदीसारखी वाहू लागते. जगातला सर्वांत जोरदार जेट प्रवाह हिवाळ्यात जपानवरच असतो. त्याची पहिली पद्धतशीर मोजमापे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून केली आणि जगाला कळावे म्हणून आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. तो फारसा कोणी वाचलाच नाही. ज्या भाषेवर माणसाचा विश्वास असतो तीत लिहिलेले जगापर्यंत पोहोचेलच असे नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि अजून वाटते.

वळशाचे कोडे येथे सुटले. बंगळूर, जपान आणि पॅसिफिक ही वाट सुमारे हजार किलोमीटरने लांब आहे, पण त्या वाटेवर वारा पाठीशी असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर साडेचौदा तासांत पार झाले होते. वाट जुन्या वाटेहून सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होती आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी लागला होता. ही बातमी मी त्या वेळी वर्गात वाचून दाखवली होती. एका मुलाने तेव्हा विचारले होते, "बाई, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने वर नुसते थांबून राहावे, अमेरिका आपोआप खाली येईल की." मी त्याला सांगितले होते की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच तरंगते, म्हणून थांबलेले विमान बेळगाववरच थांबेल. उत्तर बरोबर होते, पण जेट प्रवाहाचा उल्लेख मी त्यात केला नव्हता; हवा सगळीकडे जमिनीइतक्याच वेगाने फिरत नाही, कोठे कोठे ती जमिनीच्या पुढे धावते, हे सांगायला हवे होते. तो मुलगा आता कोठे असेल कोणास ठाऊक. भेटला तर उरलेले अर्धे उत्तर त्याला देणे लागते.

रात्र पावणेआठ तासांत संपली. माझ्या घड्याळात मध्यरात्र उलटून वीस-पंचवीस मिनिटे झाली होती आणि पॅसिफिकवर उजाडत होते. पडद्यावर आमचे विमान तेव्हा १८० रेखांशाच्या जवळ होते. त्या रेषेच्या अलीकडे शुक्रवार होता आणि पलीकडे पुन्हा गुरुवार. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे आजचा सूर्य परत उगवला म्हणायचा?" मला याहून नेमके वाक्य सुचले नसते. त्या गुरुवारचा एक सूर्योदय आम्ही यलहंक्याच्या गच्चीवरून पाहिला होता आणि दुसरा या समुद्रावर.

त्यानंतरचे जवळजवळ सहा तास मला सर्वांत कठीण गेले. खाली पाणी, वर निळे, आणि पडद्यावरचे विमान हललेले दिसतच नाही. "अजून तेवढंच दाखवतंय की हो," असे वहिनी दर थोड्या वेळाने म्हणत. त्यांच्या पायांना सूज येऊ नये म्हणून दीड-दोन तासांनी आम्ही उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन येत होतो.

तोच गुरुवार, संध्याकाळ

चाके जमिनीला टेकली तेव्हा माझ्या घड्याळात शुक्रवारची सकाळ होती, ६ वाजून २० मिनिटे. सॅन फ्रान्सिस्कोत गुरुवारची संध्याकाळ होती, ४ वाजून ५० मिनिटे, आणि खाडीपलीकडे नव्हे तर पश्चिमेच्या टेकड्यांमागे सूर्य बुडत होता. एकाच तारखेचा हा दुसरा सूर्यास्त. दुपारी तीनला निघून पाचला पोहोचलो, असे तिकीट सांगते; हवेत आम्ही १५ तास २५ मिनिटे होतो आणि पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे १५,१०० किलोमीटरच्या आसपास उडालो होतो. माझा दोरा सांबऱ्यापासून १३,८०० सांगत होता.

तपासणीच्या ठिकाणी डिंकाचे लाडू, अळीव आणि बेळगावचा कुंदा यांची आम्ही आधीच अर्जावर नोंद केली होती. अधिकाऱ्याने डबे उघडून पाहिले आणि परत दिले. भाचीच्या घरी पोहोचलो तेव्हा तेथले सात वाजले होते. खानापूरचे दार ओढून घेतल्यापासून साडेचव्वेचाळीस तास झाले होते आणि त्यातले सुमारे साडेसोळाच तास आम्ही हवेत होतो. दादाच्या "किती वेळ लागतो" या प्रश्नाचे खरे उत्तर चव्वेचाळीस तास असे द्यायला हवे होते. तिकिटावरच्या तासांत वाट पाहणे, रांगा आणि यलहंक्याची रात्र धरलेली नसते.

जेवायला बसण्याआधी भाचीने गच्चीचे दार उघडले आणि चंद्र उगवत होता. त्याच गुरुवारचा, त्याच चतुर्थीचा. वहिनींनी कोणाला काही विचारले नाही. त्यांनी तांब्याभर पाणी घेतले, अर्घ्य दिले, आणि मगच ताटावर बसल्या. आमचा तो गुरुवार साडेसदतीस तासांचा झाला.

मधले दिवस

तेथल्या साडेतीन महिन्यांबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या हिशेबात बसत नाही. एवढेच नोंदवते की शरीराचे घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखे एका क्षणात फिरत नाही. वेळेचा जेवढ्या तासांचा फरक, साधारण तेवढे दिवस त्याला जागेवर यायला लागतात, असा एक ढोबळ ठोकताळा आहे, आणि आमच्या बाबतीत तो खरा ठरला. दहा-बारा दिवस आम्ही दोघी रात्री दोनला टक्क जाग्या आणि दुपारी पेंगुळलेल्या होतो. चौथ्या दिवशी बाळ आले. त्यालाही रात्र-दिवस कळत नव्हता. रात्रीचे त्याचे जागरण वहिनींनी आनंदाने आपल्याकडे घेतले, कारण त्यांच्या देहाला तेव्हा खानापूरची दुपार होती, आणि भाचीला त्या पहिल्या आठवड्यात सलग झोप मिळाली.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केली जातात. आपल्या आणि त्यांच्या वेळेतला फरक साडेतेरावरून साडेबारावर आला. दादाचा फोन त्या दिवशी ठरल्या वेळेला एक तास उशिरा आला. मी त्याला कारण सांगितल्यावर त्याने फळीवरच्या घड्याळाचे काटे पुढे केले. आता ते आपल्या वेळेच्या फक्त अर्धा तास मागे दिसू लागले.

मंगळवारची रात्र आणि बुधवार

परतीचे विमान मंगळवारी रात्री साडेआठला सुटले. भारतात तेव्हा बुधवारचे सकाळचे नऊ वाजले होते. वैमानिक या वेळी पॅसिफिकवरून जाणार नाही याची मला खात्री होती, कारण जो वारा जाताना पाठीशी होता तोच येताना छातीवर घ्यावा लागला असता. पडद्यावरची रेघ सरळ उत्तरेकडे चढली. कॅनडाचा पश्चिम भाग, त्यापुढे गोठलेला समुद्र, मग ध्रुव. याच वाटेने ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले पहिले थेट विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी बंगळूरला आणले होते. ध्रुवावरच्या वाटेला वेगळी तयारी लागते: अडचणीच्या वेळी उतरता येईल असे विमानतळ थोडे आणि दूरदूर असतात, चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही, आणि पंखांतले इंधन किती थंड होते यावर सतत लक्ष ठेवावे लागते, कारण विमानाचे सर्वसाधारण इंधन उणे ४७ अंशांच्या सुमारास गोठू लागते आणि बाहेरचे तापमान त्याहूनही खाली जाऊ शकते.

सहा तासांनंतर सगळे विमान झोपले होते. मी उजव्या खिडकीची झडप बोटभर वर केली. क्षितिजावर तांबूस पट्टा होता, आणि पाहता पाहता त्यात सूर्य आला. तो नेहमीसारखा वर चढला नाही. विषुवदिनाला दोन-तीन दिवस उरले होते. त्या काळात ध्रुवावरचा सूर्य उगवत नाही आणि मावळत नाही, क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहतो, हे मी सत्तावीस वर्षे फळ्यावर आकृती काढून सांगितले होते. आता तो तसा फिरताना मी पाहत होते. खाली भेगाळलेला बर्फ होता आणि त्या भेगांवर लांबच लांब सावल्या पडल्या होत्या. मी वहिनींना उठवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "इथे पूर्व कुठली म्हणायची, वन्सं?" ध्रुवावर उभे राहिले तर पूर्व नसते, पश्चिम नसते, जिकडे पाहावे तिकडे दक्षिणच असते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी देवाला नमस्कार कोणत्या दिशेला करायचा म्हणून विचारले होते, हे मला नंतर लक्षात आले. सूर्य समोर होता, त्यालाच त्यांनी हात जोडले.

तो दिवस जेमतेम साडेतीन तासांचा होता. सायबेरियावर पुन्हा अंधारले. मध्य आशियावरून खाली येताना झोप लागली, ती बंगळूर जवळ आल्यावर उघडली.

गुरुवार

बंगळूरला रात्री २ वाजून ४० मिनिटांनी विमान जागेवर लागले. १७ तास ४० मिनिटे झाली होती. अंतराची शेवटची नोंद साडेचौदा हजारांहून थोडी अधिक होती, म्हणजे जाताना उडालेल्या अंतरापेक्षा सुमारे पाचशे किलोमीटर कमी. अंतर कमी आणि वेळ सव्वादोन तास जास्त. वहीत हे दोन आकडे मी एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पाहत बसले. गणिताच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने अशी उत्तरे आणली असती, तर मी त्याला पुन्हा सोडवायला लावले असते.

सकाळच्या विमानाने आठला सांबऱ्याला उतरलो. मुतग्याच्या शिवारात वाटाणा-मसूर निघून गेला होता, जमीन तापू लागली होती. खानापूरला दहा वाजता पोहोचलो. भाचीचे घर सोडून एकोणतीस तास झाले होते. वहिनी हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढे गेल्या आणि फळीवरचे घड्याळ पाहून तेथेच थांबल्या. काटे साडेनऊ दाखवत होते. दादाने त्याला त्या सकाळीही किल्ली दिली होती.

"रात्रीचे साडेनऊ," तो म्हणाला. "बाळ झोपलं असेल. तिकडं अजून बुधवारच आहे."